मुलाला ट्रायलमध्ये घालायचं का? आधी व्हिजिटचं वेळापत्रक मागा

ओझरजवळच्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न आहे. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. जिना चढताना कठड्याला लोंबकळायचा, खाली बसला की गुडघ्यांवर हात रोवून उठायचा. तपासण्या केल्या तर डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी निघाली, स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा जनुकीय आजार. आता मुंबईच्या डॉक्टरांनी एका नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल, म्हणजे चाचणीबद्दल विचारलंय. आजी म्हणतात, ‘माझ्या नातवाचा उंदीर करू नका.’ आई म्हणते, आता एवढी एकच वाट उरलीय. वडील विचारतात, भाग घ्यावा का, आणि तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं?

दादा, आधी मी कोण ते सांगते. मी डॉक्टर नाही. सतरा वर्षं ट्रायल को-ऑर्डिनेटर आहे, आधी मुंबईत होते, आता नाशकात. कन्सेंटचे, म्हणजे संमतीचे कागद समजावून सांगणं, तारखा लावणं, रक्ताच्या नळ्या ड्राय आइसमध्ये भरून कुरिअरवाल्याच्या हाती देणं, गाडीभाड्याची बिलं काढणं आणि रात्री अकराला ‘मॅडम, ताप आलाय, सकाळचा डोस द्यायचा का?’ या फोनला उत्तर देणं, हे माझं काम. पगार हॉस्पिटल देतं, पण तो पैसा शेवटी ट्रायलमधूनच येतो. तेव्हा माझं बोलणंही पारखूनच घ्या.

मी तुमच्या जागी असते तर औषधाचं नाव, कंपनी, देश यातलं काहीही विचारण्याआधी व्हिजिटचं वेळापत्रक मागितलं असतं. प्रत्येक ट्रायलच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे लेखी आराखड्यात, तो एक तक्ता असतोच. कोणत्या आठवड्यात यायचं, त्या दिवशी रक्त किती, एमआरआय आहे का, मुक्काम आहे का, सगळं त्यात असतं. माझ्या पाहण्यात ज्या घरांनी ट्रायल अर्धवट सोडली, त्यातल्या थोड्यांनीच औषधाच्या त्रासानं सोडली. बाकीची पाचव्या-सहाव्या फेरीला दमली. शाळा बुडते, धाकट्या बहिणीला शेजारी ठेवावं लागतं, ऐन छाटणीत बापाला मजुरांना सोडून मुंबई गाठावी लागते. हे कन्सेंटच्या दिवशी कुणाच्या डोक्यात नसतं. त्या दिवशी डोक्यात फक्त औषध असतं.

पण आजींचा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही. उंदराला कुणी विचारत नाही आणि उंदराला ‘मी चाललो’ म्हणता येत नाही. तुम्हाला विचारतात, आणि कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं. नेहमीचे उपचार त्यानं बंद होत नाहीत. तरीही आजींच्या बोलण्यात तथ्य आहे. ट्रायल तुमच्या मुलाला बरं करण्यासाठी मांडलेली नसते. ती एका प्रश्नाचं उत्तर शोधायला मांडलेली असते. त्या शोधात तुमच्या मुलाला फायदा झाला तर आनंदच आहे, पण तो गृहीत धरून सही करू नका. कन्सेंटच्या कागदावर ‘फायदा होईलच असे नाही’ हे वाक्य असतं. लोक ते सिगारेटच्या पाकिटावरच्या सूचनेसारखं वाचतात आणि विसरतात.

प्लासिबोचं तुम्हाला मी समजावून सांगण्याची गरज नाही. नवीन फवारणीचं औषध आलं की शहाणा बागायतदार सगळ्या बागेवर मारत नाही. दोन ओळी मारतो, शेजारच्या दोन तशाच सोडतो. नाहीतर द्राक्षावरची डावणी (बुरशीचा रोग) आटोक्यात आली ती औषधानं की ऊन पडल्यानं, ते कसं कळणार? ट्रायलमध्येही काही मुलांना खरं औषध, काहींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं. कुणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि डबल ब्लाइंड असेल तर तुम्हाला, डॉक्टरांना, मला, कुणालाच कळत नाही. फरक इतकाच की द्राक्षाची ओळ वाट पाहून थकत नाही. डीएमडीत मुलाचं चालणं साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत थांबतं, त्यामुळे प्लासिबोवर गेलेलं वर्ष हे खरं वर्ष असतं. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट विचारा. किती मुलांमागे एकाला प्लासिबो मिळणार? आणि तो काळ संपला की सगळ्यांना खरं औषध देणार का? दुर्मिळ आजारांच्या बऱ्याच अभ्यासांत पुढचा टप्पा असा खुला ठेवतात. ठेवला असेल तर लेखी असतो, तोंडी नसतो. प्लासिबो गटातल्या मुलांचंही स्टेरॉइड आणि फिजिओथेरपी चालू राहते ना, हेही विचारून घ्या.

या क्षेत्रात आजवर काय झालं ते थोडं सांगते, म्हणजे आशा आणि भीती दोन्ही जागेवर राहतील. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या दुसऱ्या जनुकीय आजाराच्या तान्ह्या बाळांवर नुसिनर्सेन या औषधाची चाचणी चालू होती. २०१६ मध्ये मधल्या आकड्यांतच फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी लवकर थांबवून कंट्रोल गटातल्या, म्हणजे औषध न मिळालेल्या बाळांनाही औषध द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेत डीएमडीच्या एटेप्लिर्सेन या औषधाला मान्यता मिळाली, ती मुख्यतः अवघ्या १२ मुलांच्या अभ्यासावर, आणि त्यावरून तज्ज्ञांत मोठा वाद झाला. २०२४ मध्ये फायझर कंपनीच्या डीएमडीवरच्या जीन थेरपीची (शरीरात चांगला जीन पोचवणाऱ्या उपचाराची) तिसऱ्या टप्प्यातली चाचणी फसली. औषध मिळालेल्या आणि प्लासिबो मिळालेल्या मुलांच्या हालचालींत अपेक्षित फरक दिसलाच नाही. इलेव्हिडिस या दुसऱ्या जीन थेरपीला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली होती, पण २०२५ मध्ये ती घेतलेल्या, चालणं थांबलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. तुमच्या मुलाला विचारलेलं औषध यातलं नसेलही. पण ‘परदेशी औषध आहे, चांगलंच असणार’ हे वाक्य घरात कुणी बोललं तर ही यादी आठवा.

आता तुमच्या हातातल्या रिपोर्टकडे या. डीएमडीचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो आणि त्याचे ७९ तुकडे, म्हणजे एक्झॉन असतात. काही औषधं सगळ्या मुलांसाठी असतात, पण एक्झॉन वगळणारी औषधं ठरावीक बिघाडालाच चालतात. समजा तुमच्या मुलाचे ४८ ते ५० एक्झॉन गायब असतील, तर ५१ वा वगळणारं औषध त्याला लागू पडू शकतं. डीएमडीच्या साधारण १३ टक्के मुलांना तेच लागू पडतं. दुसऱ्याच एक्झॉनचा बिघाड असेल तर ते औषध कितीही गाजलेलं असो, तुमच्या कामाचं नाही. म्हणून ‘डीएमडी पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेला कागद पुरत नाही, कुठला बिघाड ते लिहिलेला जनुकीय रिपोर्ट लागतो. गायब किंवा जादा एक्झॉन शोधणारी पहिली एमएलपीए तपासणी कोरी आली असेल तर सीक्वेन्सिंग, म्हणजे जीनचं अक्षर न् अक्षर वाचणारी तपासणी, झालंय का ते बघा. आणि विषय निघालाच आहे म्हणून, ताईंची, म्हणजे मुलाच्या आईची, आणि त्यांच्या बहिणींची वाहक तपासणी (स्वतःला आजार नसताना बिघडलेला जीन अंगात आहे का ते पाहणारी) झाली नसेल तर तीही करून घ्या. डीएमडीच्या साधारण दोन तृतीयांश आया वाहक असतात. घरात दोष कुणाचा हे काढायला ही तपासणी करायची नाही. पुढचं मूल हवं असेल किंवा मावशीचं लग्न ठरत असेल तर आधी माहीत असलेलं बरं.

सहा मिनिटांच्या चालण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे माझ्या हातून चूक झालेली आहे.

पंचवीस मीटरचा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना नारिंगी कोन, जमिनीवर चिकटपट्टीची रेघ. फिजिओथेरपिस्टच्या हातात स्टॉपवॉच, आणि एक जण मुलाच्या मागे पाऊलभर अंतरावर, पडला तर धरायला. मूल सहा मिनिटांत किती मीटर चालतं ते मोजायचं. पळायचं नाही, थांबलं तरी घड्याळ चालूच. या एका आकड्यावर मूल अभ्यासात येतं किंवा बाद होतं. खानदेशातलं एक कुटुंब रात्रीच्या बसनं आलं होतं. मी त्यांना सकाळी साडेनऊची वेळ दिली होती, कारण त्या दिवशी कॉरिडॉर मोकळा होता. मूल रात्रभर झोपलेलं नव्हतं. रक्त उपाशीपोटी घ्यायचं म्हणून नाश्ताही झाला नव्हता. पहिल्या दोन फेऱ्या तो ऐटीत चालला. चौथ्या मिनिटाला भिंतीला टेकून उभा राहिला. शेवटी आकडा अभ्यासाच्या किमान अंतरापेक्षा नऊ मीटर कमी आला. त्या अभ्यासात पुन्हा स्क्रीनिंग, म्हणजे निवडीची तपासणी, करायची सोय नव्हती. त्याच्या आईनं मला एक शब्द ऐकवला नाही. बाकावर बसून डबा उघडला आणि त्याच्या हातात पोळीचा लाडू दिला. मी रजिस्टरमध्ये ‘स्क्रीन फेल्युअर’ लिहिलं.

तेव्हापासून बाहेरगावच्या मुलाची चाल मी प्रवासाच्या दिवशी लावत नाही. तुम्हीही लावू देऊ नका. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी धरली, गर्दीत त्याला उभं राहावं लागलं, तर दादर येईपर्यंत पोरातलं त्राण संपलेलं असतं. आदल्या दिवशी जा, मुक्कामाचा खर्च मागा. प्रवास, मुक्काम, जेवण आणि बुडालेला रोज यांची भरपाई एथिक्स कमिटीनं, म्हणजे रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीनं, मंजूर केलेली असते आणि ती कन्सेंटच्या कागदात लिहिलेली असते. मागायला लाजू नका, कुणी उपकार करत नाही. गाडी करून यायची परवानगी आहे का, तेही आधी लेखी विचारा. नाहीतर नंतर बिल अडकतं आणि माझ्यासारखी कुणीतरी कंपनीला चार-चार मेल करत बसते.

आणखी एक. स्टेरॉइडचा डोस ट्रायलच्या तोंडावर स्वतःहून बदलू नका. बऱ्याच अभ्यासांत तो काही महिने स्थिर असावा लागतो, आणि बदलला की मूल बाद. एकदम बंद तर मुळीच करू नका, ते जिवावर बेततं. गावाकडचं कुठलं चूर्ण, कुठला काढा चालू असेल तर तोही सांगून टाका. आम्ही रागावत नाही. लपवलेला काढा यकृताच्या रिपोर्टमध्ये दिसतो, आणि मग औषधावर विनाकारण संशय येतो.

जीन थेरपीची ट्रायल असेल तर थोडा जास्त विचार करा. ती ज्या विषाणूवर बसवून देतात, त्याच्याविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयार करतं. मग तसाच विषाणू वापरणारं, पुढे येणारं कदाचित जास्त चांगलं औषध घेता येत नाही. म्हणजे एक दार उघडताना दुसरं लावलं जातं. इतर ट्रायलमध्येही एका वेळी एकातच राहता येतं, आणि बाहेर पडल्यावर दुसरीत जायला काही महिने थांबावं लागतं. म्हणून समोर आली ती पहिली ट्रायल धरायची घाई नको. पण मुलाचं चालणं टिकलंय तोवरच बऱ्याच अभ्यासांची दारं उघडी असतात, म्हणून वर्षभर विचार करत बसण्यातही अर्थ नाही. हा पेच खरा आहे. तो तुमच्यासाठी मी सोडवू शकत नाही.

ट्रायल खरी आहे का, हे तपासायला अवघड नाही. भारतातल्या प्रत्येक चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडियात, म्हणजे सीटीआरआयमध्ये, पहिला रुग्ण घेण्याआधी व्हावी लागते. ती वेबसाइट सगळ्यांना मोफत खुली आहे. कोणत्या हॉस्पिटलात चालू आहे, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, नव्या औषधाला औषध नियंत्रकांची परवानगी आहे का, हे तिथे दिसतं. डॉक्टरांकडून सीटीआरआय नंबर मागा. जो द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडे जाऊ नका. आणि ट्रायलच्या नावाखाली पैसे मागितले की तिथूनच परत फिरा. ट्रायलचं औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. निफाडकडचे एक गृहस्थ बागेचे आलेले पैसे घेऊन एका क्लिनिकमध्ये स्टेम सेलचं ‘पॅकेज’ घ्यायला निघाले होते. पावतीवर ‘संशोधन’ लिहिणार, असं सांगितलं होतं म्हणे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डीएमडीवर स्टेम सेल मान्य उपचार नाही. द्यायचं तर मंजूर चाचणीतच, आणि तेही फुकट. सुदैवानं ते आधी विचारायला आले. सगळेच येत नाहीत.

नुकसान झालं तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ताईंनी मनात विचारलं असेल. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांत ते स्पष्ट आहे. चाचणीदरम्यान इजा झाली तर उपचार मोफत, आणि ती चाचणीमुळे झाली असेल तर वर नुकसानभरपाई. गंभीर काही घडलं तर डॉक्टरांनी २४ तासांत वर कळवायचं असतं. तुमचं काम एवढंच, की मुलाला दुसरीकडे दाखल करावं लागलं तर आम्हाला लगेच फोन करायचा. सायकलवरून पडून हात मोडला तरी कळवा. औषधाशी संबंध आहे की नाही, ते ठरवणं तुमचं काम नाही.

कन्सेंटचा कागद मराठीतच मिळाला पाहिजे, आणि घरी नेऊन वाचायला. त्याच दिवशी सही करा म्हणणाऱ्यांना सांगा, बाग विकतानासुद्धा सातबारा दोनदा बघतात. एक युक्ती मी घरच्यांना सांगते. कागद वाचून झाल्यावर बंद करायचा आणि आजींना आपल्या भाषेत सांगायचा. जिथे अडखळाल, तिथे पेन्सिलनं खूण करा. दुसऱ्या दिवशी फक्त त्या खुणा घेऊन डॉक्टरांसमोर बसा. नव्या औषधाच्या काही चाचण्यांत, सहभागी लहान मूल असेल तर, या सगळ्या बोलण्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. कॅमेरा पाहून लोक गप्प होतात आणि नुसती मान हलवतात. तसं करू नका. रेकॉर्डिंग तुमच्या संरक्षणासाठी असतं, प्रश्न त्याच्यासमोरच विचारा.

तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे, म्हणजे आता त्यालाही विचारावं लागेल. आयसीएमआरच्या सूचनांप्रमाणे ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी संमती घेतात, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. अनेक डॉक्टर हे दोन मिनिटांत उरकतात. मला यात सगळ्यात जास्त वेळ लागतो. एका नऊ वर्षांच्या मुलानं मला विचारलं होतं, ‘सुया किती?’ मी म्हटलं, ‘पहिल्या वर्षात चौदा.’ त्यानं बोटांवर मोजलं, बोटं संपली, मग आईची चार घेतली. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, ‘डाव्या हाताला घ्यायच्या. उजव्यानं मी चित्र काढतो.’ आम्ही त्याच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत ‘डावा हात’ लिहिलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. मुलाला खोटं सांगून आणू नका. ‘फक्त डॉक्टरकाका बघणार’ असं म्हणून आणलेलं मूल दुसऱ्या व्हिजिटला गेटपाशीच बसकण मारतं.

निवडीत नाव लागलं नाही, तर घरी तोंड पाडून परतू नका. बिनऔषधाचे अभ्यासही असतात. त्यांत आजार आपल्या गतीनं कसा पुढे जातो, तेवढंच मोजतात. त्यात सुया कमी, फेऱ्या कमी, आणि पुढच्या ट्रायलच्या वेळी तुमच्या मुलाच्या मोजमापांची फाइल तयार. आयसीएमआरच्या दुर्मिळ आजारांच्या नोंदवहीत नाव घालता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण २०२१ मध्ये डीएमडी तिसऱ्या गटात आहे. त्या धोरणाखाली मान्यताप्राप्त केंद्रामार्फत एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईत असं केंद्र परळचं केईएम रुग्णालय आहे. हा मार्ग ट्रायलपासून वेगळा आहे, दोन्हींची चौकशी एकदमच करा. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे.

ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का, हा प्रश्न शेवटी विचारतात, तो पहिल्या भेटीत विचारा. दुसरा उपाय नसेल, गुण दिसत असेल आणि डॉक्टर व एथिक्स कमिटी दोघांचं म्हणणं तसं असेल, तर कंपनीनं पुढेही औषध मोफत द्यायची तरतूद नियमांत आहे. पण ती आपोआप लागू होत नाही. तुमच्या अभ्यासात त्याबद्दल काय लिहिलंय, त्या ओळीवर बोट ठेवून दाखवायला सांगा.

वेळापत्रक हातात आलं की तुमच्या बागेचं कॅलेंडर शेजारी ठेवा. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, मग काढणी. बहुतेक व्हिजिटना ठरलेल्या तारखेच्या आगेमागे काही दिवसांची मुभा असते, कुठे तीन, कुठे सात. को-ऑर्डिनेटरला तुमच्या छाटणीच्या तारखा पहिल्याच दिवशी लिहून द्या, ती त्याप्रमाणे व्हिजिट सरकवू शकते. आणि कन्सेंटच्या दिवशी आजींना सोबत न्या. खोलीत खुर्ची कमी असेल तर मागून घ्या.